त्रेसष्ट नंबरची ट्यूब

बेलापूरच्या टेकडीखालच्या त्या लॅबमध्ये खोल्या दोन होत्या आणि नियम एक. पहिलीला सगळे कोरी खोली म्हणत. बायकांच्या नमुन्यांमधून डीएनए काढणं, मिश्रणं तयार करणं, ही नाजूक कामं तिथे, पांढऱ्या कोटात. दुसरी यंत्राची खोली. तिथे निळा कोट. यंत्र विषाणूचा एक इवलासा तुकडा घेई आणि दोन-तीन तासांत त्याचे कोट्यवधी तुकडे करी, म्हणजे मग ते जांभळ्या उजेडात केशरी पट्टीसारखे दिसत. त्यातला एखादा जरी हातमोज्याला चिकटून कोऱ्या खोलीत आला, तरी धडधाकट बाईच्या नमुन्यातसुद्धा विषाणू 'सापडायचा'. म्हणून नियम असा, की यंत्राच्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की त्या दिवसापुरती कोरी खोली बंद. मग आत आग लागली तरी.

टेलिफोन मात्र कोऱ्या खोलीत होता. इमारतीत पूर्वी कसलंसं ऑफिस होतं आणि फोनची जागा बदलून मिळावी म्हणून केलेला अर्ज वर्षभर कुठल्या तरी टेबलावर पडून होता.

शुभदा तिथे रिसर्च असिस्टंट होती. राहायची नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर. केयूर सात महिन्यांचा झाला आणि ती कामावर परतली. नवरा, अभय, तळोज्याच्या कारखान्यात शिफ्ट करायचा. त्यामुळे बाळ दिवसभर समोरच्या ब्लॉकमधल्या सुमित्राबाईंकडे. सकाळी निघताना केयूर तिच्या पदराचं टोक मुठीत धरी आणि ती मूठ एकेक बोट करून सोडवताना शुभदाला रोज नव्याने वाटे, की आपण काहीतरी चोरून नेतोय.

लॅबचे प्रमुख डॉक्टर जयप्रकाश सामंत. त्यांनी सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत जे काम हातात घेतलं, ते सांगायला सोपं होतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तो बाईच्या नमुन्यात आहे की नाही हे ओळखायचं. पण ओळखायचं कशावरून? विषाणूची जनुकं, म्हणजे जीन, अनेक. जगभर बहुतेक लोक एल-वन नावाचा जीन शोधत. सामंत सरांना त्याच नमुन्यात ई-सिक्स नावाचा दुसरा जीनही शोधून दोन्ही तपासण्या शेजारी शेजारी लावून बघायच्या होत्या.

"एल-वन म्हणजे चोराचा कोट," सर म्हणाले. "बाहेरचं वेष्टण. ई-सिक्स म्हणजे त्याचं हत्यार, पेशीला बिघडवतं ते. चोर घरात नुसता वावरत असेल तर दोन्ही सापडतील. पण तो घरचाच होऊन बसला, म्हणजे आपल्या पेशीच्या डीएनएमध्येच जाऊन चिकटला, की कधी कधी कोट फेकून देतो. हत्यार फेकत नाही. मग नुसता कोट शोधणाऱ्याला काय दिसणार?"

"काहीच नाही," क्षिप्रा म्हणाली. ही दुसरी असिस्टंट, शुभदाहून चार वर्षांनी लहान.

"आणि ती बाई तर सगळ्यात पुढे गेलेली असणार. तेव्हा दोन तपासण्या जुळल्या तर ठीक. पण जिथे एल-वन नाही आणि ई-सिक्स आहे, ती बाई मला त्याच दिवशी सांगायची. जेवत असलो तरी उठवायचं."

शुभदाने हे वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघही मारली होती.

नमुने दिघ्यातून यायचे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पार त्या टोकाला, कारखान्यांच्या पाठीमागे चढणीवर पत्र्याच्या खोल्यांची वस्ती. तिथल्या समाजमंदिरात महिन्यातून एकदा शिबिर भरे. डॉक्टरीणबाई तपासत आणि शुभदा नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायला जाई. बायकांना गोळा करून आणायचं काम शकुबाईचं. ती तिथलीच आरोग्यसेविका. बोलणं पटापट, चालणं त्याहून पटापट.

फेब्रुवारीच्या शिबिरात मात्र बायका आल्या आणि दाराशी थबकल्या. पडद्याआड टेबल आहे आणि त्याच्यावर कसं झोपायचं आहे, हे कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं.

"अगं टेन्शन काय घेताय एवढं? दोन मिनिटांचं काम," शकुबाई म्हणत होती. कुणी हलेना.

मग मागून एक उंच, काळीसावळी बाई पुढे आली. चाळिशी ओलांडलेली, कपाळ कोरं, डोक्यावर पदर, आणि चालण्यात असा ताठा की बाकीच्या आपोआप बाजूला झाल्या.

"सरा बाजूला. बाळंतपनात काय तोंड झाकून घेतलं व्हतं का गं तुमी सगळ्यांनी? तवा लाज कुठं गेलती?" ती म्हणाली. "लिवा बाई माझं पयलं. चांगुनाबाई."

हशा पिकला आणि रांग लागली. त्या दिवसाचा पहिला नंबर त्रेसष्ट होता.

बाहेर आल्यावर चांगुणाबाई निघून गेली नाही. शुभदाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि येणाऱ्या प्रत्येकीला धीर देत राहिली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा कारखान्यात हेल्पर, सून घरात, गाव परभणीकडचं, एवढं तासाभरात सांगून झालं. मग तिची नजर शुभदाच्या ब्लाउजवर गेली. दूध झिरपून पुढचा भाग ओला झाला होता आणि शुभदा वही छातीशी धरून तो लपवत होती.

"लेकरू किती म्हयन्याचं?"

"नऊ."

"आन् तू हितं." ते तिने रागावून म्हटलं नव्हतं. नुसतं मोठ्याने म्हटलं, जसं कुणी ऊन फार आहे म्हणेल. मग उठून तिने आपल्या अंगाने आडोसा केला. "जा त्या कपाटामागं. पिळून टाक, न्हाईतर गाठ व्हईल. मी हाय हितं हुबी. कोन येतंय बघू."

त्यानंतर आठवडाभराने ती दुपार आली.

दिघ्याच्या नव्या नमुन्यांमधून डीएनए काढायचं काम क्षिप्राचं चाललं होतं. शेवटच्या टप्प्यात ट्यूबमध्ये स्पिरीट उरतं, ते उडून जायला ट्यूबची झाकणं थोडा वेळ उघडी ठेवावी लागतात. तशी ती उघडी ठेवून, वरून पातळ कागद टाकून क्षिप्रा खाली डबा खायला गेली. रॅक फोनच्या टेबलावरच होता. शुभदा यंत्राच्या खोलीत निळ्या कोटात होती. मागच्या शिबिराच्या ई-सिक्सचं जेल भरत होती, म्हणजे यंत्रातून निघालेले तुकडे पट्ट्या होऊन दिसावेत म्हणून एका लुसलुशीत वडीत, प्रत्येक नमुना आपापल्या घरात, सोडत होती. म्हणजे ज्या तुकड्यांना भ्यायचं, ते तेव्हा तिच्या हातमोज्यांवर होते.

फोन वाजायला लागला.

वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. शुभदाने दहापर्यंत मोजलं. या वेळेला लॅबमध्ये कुणाचा फोन येतो? सुमित्राबाईंना नंबर दिला होता तो अगदीच काही झालं तर म्हणून. त्या फोनसाठी खाली वाण्याकडे उतरतात, म्हणजे बाळाला कडेवर घेऊन उतरल्या असणार, किंवा बाळाला एकटं टाकून.

ती धावली. दार ढकललं, कागद बाजूला सरला, रिसीव्हर उचलला.

"शुभदा, लवकर ये गं बाई. केयूर तापलाय आणि डोळे फिरवतोय."

पुढचं तिला नीट आठवत नव्हतं. फोनची गुंडाळी झालेली वायर रॅकवरून ओढली गेली, तोल सावरायला तिने हात टेकला, तो रॅकच्या कोपऱ्यावर. त्या कोपऱ्यातली ट्यूब त्रेसष्ट नंबरची. हे मात्र स्पष्ट आठवत होतं, कारण चिठ्ठीवरचं अक्षर तिचंच होतं.

कोट रस्त्यात काढून टाकत ती रिक्षा शोधायला पळाली. क्षिप्रा परत आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. तिने झाकणं लावली.

केयूरला तापाची फीट आली होती. नेरूळच्या डॉक्टरांनी ताप उतरवला, लहान मुलांना होतं असं, म्हणाले. तीन दिवस शुभदा त्याला छातीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. झोपेत त्याच्या पापण्या हलल्या तरी दचकायची.

चौथ्या दिवशी कामावर आली तेव्हा क्षिप्राने दोन्ही तपासण्या लावून तयार ठेवल्या होत्या. जेल चालवून वाचायचं काम शुभदाचं. क्षिप्रा कोऱ्या खोलीत होती, सर पुण्याला गेले होते. जांभळा दिवा लावून तिने पाहिलं. एल-वनच्या जेलमध्ये त्रेसष्टच्या घरात अंधार. ई-सिक्सच्या जेलमध्ये त्रेसष्टच्या घरात पट्टी. फिकट नाही, चांगली ठळक केशरी पट्टी.

सरांनी सांगितलेली बाई ती हीच.

पण शुभदाच्या मनात ते आलं आणि आल्या पावली मागे सरलं. त्या दिवशी तिच्या हातावर काय होतं? ई-सिक्सचे तुकडे. हात कुठे टेकला? त्रेसष्टवर. मग त्रेसष्टमध्ये एल-वन न दिसता नुसतं ई-सिक्स दिसणार, दुसरं काय? आपल्याच बोटांचे ठसे हे. बाकी सगळ्या ट्यूब स्वच्छ, खात्रीसाठी नुसतं पाणी घातलेली ट्यूबही स्वच्छ. दुसऱ्या दिवशी आधी कोऱ्या खोलीत जाऊन तिने त्याच ट्यूबमधून पुन्हा एकदा तपासणी लावली. पुन्हा तेच.

यावर उपाय होता. प्रत्येक बाईचे नमुने दोन बाटल्यांत घेतलेले असत. दुसरी बाटली डीप फ्रीझरमध्ये न उघडलेली. ती काढून सगळं पहिल्यापासून करायचं, म्हणजे खरं काय ते कळलं असतं. पण फ्रीझरच्या रजिस्टरवर सरांची सही लागे आणि सर विचारणार, का? मग निळा कोट घालून कोऱ्या खोलीत गेल्याचं सांगावं लागणार. मूल झाल्यावर बायकांचं कामात लक्ष राहत नाही, असं वरच्या मजल्यावरचे कोटणीस साहेब चहाच्या वेळी बोलले होते. सामंत सर नव्हे, पण सर तेव्हा हसले होते. ते हसणं शुभदा विसरली नव्हती.

तिने ई-सिक्सचं जेल टाकून दिलं. वहीत लिहिलं, 'जेल फाटलं'. पुढच्या सकाळी कोऱ्या खोलीत पूर्ण तुकडीची तपासणी पुन्हा लावली आणि त्रेसष्टच्या घरात चांगुणाबाईच्या डीएनएऐवजी पाणी घातलं.

असं करताना आपण एका बाईला वाचवतोय असं तिने स्वतःला बजावलं. आपल्या हाताची घाण तिच्या माथी का मारायची? बोलावणं जाईल, तपासायला मांसाचा तुकडा काढतील, महिनाभर बिचारीचा जीव टांगणीला लागेल. आणि शेवटी काही निघणार नाही. चांगुणाबाईचा कागदावरचा दुसरा रिपोर्ट, काचेवर पेशी पसरून बघतात तो, 'सूज आहे, वर्षाने पुन्हा' असा आला होता. म्हणजे झालंच की.

नव्या जेलचा फोटो वहीत चिकटवला. त्रेसष्टच्या घरात अंधार होता.

दोनशे चाळीस बायकांमध्ये दोन्ही तपासण्या सगळीकडे जुळल्या. सरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. "माझा अंदाज चुकला म्हणायचं," ते म्हणाले, आणि शुभदाला वाटलं की आवाजात थोडी निराशा आहे. नोव्हेंबरपासूनच्या शिबिरांना फक्त एल-वन ठेवायचं ठरलं. एकशे ऐंशी बायका तशाच तपासल्या गेल्या. दुसऱ्या तपासणीचं काम नाही म्हणून दुसरी बाटली घेणंही बंद झालं.

केयूर चालायला लागला. 'आई' म्हणायच्या आधी 'फोन' म्हणायला शिकला.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात शकुबाई शिबिराचे कागद द्यायला लॅबमध्ये आली. पंख्याखाली बसून तिने रुमालाने मान पुसली.

"ताई, ती आपली चांगुणाबाई आठवते का? पहिली झोपली होती ती?"

"हो, का गं?"

"तिचं काय खरं नाही. अंगावरून जातंय चार महिने. बोलली नाही ना कुणाला! मला म्हणते, तुमच्या तपासणीत काय नाय निघालं, मंग वय झालं आसंल. पाय सुजला तेव्हा सुनेने जबरदस्तीने नेलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, तिसरी स्टेज. ऑपरेशनच्या पुढे गेलंय. आता शेक देणार म्हणे मशिनीचे." शकुबाईने पाण्याचा ग्लास उचलला. "माझ्या डोक्यात येतं ताई, आपण एवढ्या सगळ्या तपासण्या केल्या, तेव्हा कसं नाही सापडलं?"

शुभदाने काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते शकुबाई जिना उतरेपर्यंत तिलाच आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या टेबलासमोर फ्रीझरचं रजिस्टर घेऊन उभी राहिली. "त्रेसष्टची दुसरी बाटली हवी आहे. काढून झाल्यावर सांगते का ते." सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली.

दोन दिवस ती यंत्राच्या खोलीकडे फिरकली नाही. नवी मिश्रणं, नव्या ट्यूब, नवे हातमोजे. तिसऱ्या दिवशी निळा कोट घातला. जेल चालत असताना ती स्टुलावर बसून राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून इच्छा केली, की आपल्या हातून घाण झालेली असू दे. आपण बेशिस्त, धांदरट, कामाला नालायक ठरू दे. त्रेसष्टच्या घरात काही नसू दे.

एल-वनच्या घरात अंधार होता. ई-सिक्सच्या घरात पट्टी.

म्हणजे त्या दिवशी तिचा हात ट्यूबला लागलाही नसेल. लागला असेल तरी त्याने काही बदललं नव्हतं. चोराने कोट टाकला होता आणि हत्यार दाखवत तो समोर उभा होता, आणि शुभदाने ते आपलंच पाप समजून झाकून टाकलं होतं.

सरांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "पाणी घातलंस?"

"हो सर."

ते उठून खिडकीपाशी गेले. समोरच्या टेकडीवर कुठेतरी सुरुंगाचा बार झाला आणि काच थरथरली.

"मुलाच्या फोनला धावलीस, त्याबद्दल मी एक शब्द बोललो नसतो तुला."

"तुम्ही हसला होतात सर. कोटणीस साहेब बोलले तेव्हा."

"कधी?" सरांना आठवेना. मग आठवलं असावं. ते वळले नाहीत. तसेच म्हणाले, "खाडाखोड करू नकोस. जुनी ओळ दिसली पाहिजे. एकच रेघ मार, शेजारी खरं लिही, आजची तारीख घाल. आणि नोव्हेंबरनंतरच्या त्या एकशे ऐंशी बायका परत बोलवाव्या लागतील. त्यांचा काढलेला डीएनए वापरून संपला, आणि दुसरी बाटलीच नाहीये आपल्याकडे." मग म्हणाले, "येतील का त्या?"



रविवारी ती एकटीच दिघ्याला गेली. निघताना अभय म्हणाला, "तुझी नोकरी जाईल अशानं. त्या बाईला कळून आता काय उपयोग?" त्यात राग नव्हता, तो केयूरला भरवत होता आणि खरंच विचारत होता. शुभदा चपला घालून बाहेर पडली.

चांगुणाबाईची खोली चढणीच्या वरच्या अंगाला. आत स्वच्छ सारवल्यासारखी फरशी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली कॉटवर ती. केवढी होती आणि केवढीशी झाली होती. आवाज मात्र तोच.

"ये गं माय. बस. लेकरू कसं हाय?"

शुभदा खालीच बसली. आणि तिने सांगितलं. विषाणू, कोट, हत्यार. मग फोन, ट्यूब, पाणी. सांगताना तिच्या लक्षात आलं की फीट आल्याचं ती जरा जास्तच सविस्तर सांगते आहे. ते तिने मध्येच सोडलं आणि पाण्याचं पुन्हा एकदा, नीट सांगितलं.

सून स्टोव्हपाशी होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि उचललंच नाही.

"म्हंजी तुला दिसलं व्हतं," चांगुणाबाई म्हणाली.

"हो."

"तवा सांगितलं आसतंस तर वाचले आसते?"

"बहुतेक."

चांगुणाबाईने तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला. बाहेर नळावर कुणाची तरी कळशी घरंगळली, दोन बाया भांडल्या, थांबल्या.

"मंग आता कशापाई आलीस सांगाया? तुला हलकं वाटावं म्हनून?"

शुभदाला नाही म्हणता आलं नाही. "थोडं तेही असेल," ती म्हणाली. "पण अजून एकशे ऐंशी जणी आहेत. नोव्हेंबरपासूनच्या. त्यांचं नुसतं कोटाचंच पाहिलंय. त्यांना मंगळवारी समाजमंदिरात परत बोलवायचंय आणि मला माहिती नाही कसं. मी बोलावलं तर का म्हणून येतील?"

"न्हाईच येनार," सून पहिल्यांदा बोलली. "कशाला येतील? माझं बी त्यातच हाय. डिसेंबरातलं. आत्याबाईंनीच नेलं व्हतं मला."

चांगुणाबाईने सुनेकडे पाहिलं. मग पाय खाली सोडले आणि हात पुढे केला. शुभदाला वाटलं, उठायला मदत हवी असेल म्हणून ती पुढे झाली. पण चांगुणाबाईने तिचा हात बाजूला सारला आणि सुनेचा धरला.

"पदर दे डोक्यावर. चप्पल बघ माझी."

"आत्याबाई, डॉक्टरनी सांगितलंय ना, हालायचं न्हाई..."

"डाक्टरनी लई सांगितलंय. चल."

तिघी बाहेर पडल्या. पुढे चांगुणाबाई, एका हाताने भिंत धरत. तिला टेकू देत सून. मागे शुभदा वही घेऊन. वीस पावलांवर पहिलं दार. तिथे पोचेपर्यंत चांगुणाबाई दोनदा थांबली. पायाची सूज पातळाखालून दिसत होती.

दारातली बाई तांदूळ निवडता निवडता उठली. "अगबया, चांगुनाक्का! तुमी कशाला आला, मला बोलवायचं."

"ही शुभदाबाई," चांगुणाबाई म्हणाली. "त्या तपासनीवाली. हिनं माझं चुकवलं. मंगळवारी हिच्याकडं परत जायचं, पुन्यांदा तपासायला. तू आन् तुझी जाऊ."

"चुकवलं, मंग परत हिच्याकडंच?"

"व्हय. हिच्याकडंच. आता न्हाई चुकवायची ती."

ते कौतुक नव्हतं. मायाही नसावी. कामाला लावलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा तो आवाज होता, आणि शुभदाने मान खाली घालून वहीत दोन नावं लिहिली आणि पुढे अंगठा घेतला.

दुसऱ्या दारात तेच वाक्य. तिसऱ्या दारात तेच. हिनं माझं चुकवलं. प्रत्येक वेळी तेवढ्याच आवाजात. न वाढवता, न कमी करता. तिसऱ्या दारात एक बाई शुभदाकडे बघून चक्क थुंकली आणि मग अंगठा नको, सही येते मला, म्हणत वही ओढून घेतली. शुभदाला परत फिरावंसं वाटलं. समोर ती ताठ पाठ होती, दर दहा पावलांनी थांबणारी. तिच्या आधी परत फिरायची सोय नव्हती. मोठ्या इस्पितळाचे शेक परवापासून होते. किती दिवसांचे, आणि त्यानंतर किती दिवस, हे विचारायचं धैर्य शुभदाला झालं नव्हतं.

चौथ्या दाराशी एक पोरगेली बाई बसली होती. विशी-बाविशीची, मांडीवर तान्हं. चांगुणाबाई तिथल्या पायरीवर टेकली. धाप लागली होती. श्वास पुरेसा जमला तेव्हा तिने तेच वाक्य म्हटलं.

त्या मुलीने तान्ह्याच्या तोंडातून स्तन सोडवला, पदर सावरला आणि एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "चुकवलं म्हंजी? काय केलं?"

चांगुणाबाईने मान वळवून शुभदाकडे पाहिलं.

"सांग तिला. सगळं सांग. मला सांगितलंस तसं."

सून पायरीच्या कडेला बसली. दोन दारांतून आणखी दोघी-तिघी पुढे झाल्या. शुभदाने वही मिटली, त्या मुलीच्या समोर उकिडवी बसली आणि सुरुवात केली.

"माझ्या हातून पाणी घातलं गेलं," ती म्हणाली. मग थांबली, आणि वाक्य दुरुस्त केलं. "मी पाणी घातलं."